उभी गाडी

वकिलीच्या धंद्यात माणसाला एक खोड जडते. कोणताही कागद हाती आला की तो आधी तारीख पाहतो आणि मजकूर मागाहून वाचतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, लग्नपत्रिका आली तरी आम्ही वधूवरांच्या नावांपूर्वी मुहूर्त तपासतो. ही खोड इतकी हाडीमासी खिळलेली असूनही, आमच्याच अंगणात सहा वर्षे उभ्या असलेल्या एका वस्तूवर तारीख उमटवलेली असते हे आम्हांला 2025 सालच्या एप्रिलपर्यंत ठाऊक नव्हते. ती वस्तू म्हणजे गाडीचा टायर.

गाडी आमच्या वडिलांची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर 2010 साली त्यांनी एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि रीतसर मंजुरी काढून तिचे आतून घर करून घेतले. मागे दोघांना निजता येईल असा पलंग, डाव्या अंगाला शेगडीचा ओटा, ओट्याखाली शंभर लिटर पाण्याची टाकी, आणि खिडक्यांना आईने शिवलेले पडदे. इंग्रजीत अशा गाडीला मोटरहोम म्हणतात. बाबा तिला बिऱ्हाडगाडी म्हणत. "सारी नोकरी बदल्यांच्या गावी बिऱ्हाड हलवण्यात गेली, आता बिऱ्हाडालाच चाके लावली," असे ते येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत. या गाडीतून ती दोघे हंपीला गेली, गोकर्णाला गेली, पंढरपूर करून आली. एकच जाणे राहिले. आईची धाकटी बहीण इंदुरास दिलेली. ही गाडीही इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यात जन्मलेली. तेव्हा "तुझ्या बहिणीकडे आणि हिच्या माहेरी एकाच फेरीत जाऊन येऊ," असे बाबांचे आश्वासन होते. 2019 च्या पावसाळ्यात बाबा गेले आणि आश्वासन मागे राहिले.

आमचा थोरला भाऊ म्हापशास असतो. बाबांच्या मागे महिनाभराने त्याने गाडी विकावी असे सुचवले. त्यात गैर असे काहीच नव्हते. उभी गाडी सडते, विमा भरावा लागतो, आणि आलेला पैसा आईच्या नावे ठेवता येईल, असे त्याचे सरळ म्हणणे. आम्हांला मात्र त्यात बाबांना घाईने घराबाहेर काढल्यासारखे वाटले. तसे बोलून दाखवले असते तर दोन भावांचे चार शब्दांत भागले असते. परंतु दुःख झाले म्हणजे माणूस आपल्या सवयीच्या भाषेचा आसरा घेतो, आणि आमची सवयीची भाषा नोटिशीची. आम्ही आपल्या कचेरीच्या छापील कागदावर त्याला पाच ओळी लिहिल्या. सदर वाहन ही मयताची मिळकत असून सर्व वारसांच्या लेखी संमतीवाचून तिची विल्हेवाट लावता येणार नाही, याची नोंद घ्यावी. खाली सही, वर सनदेचा क्रमांक. कायद्याच्या दृष्टीने त्या पत्रात एक अक्षर चुकीचे नव्हते. दादाचे उत्तर आले नाही. तो सणावारी आईस भेटावयास येई, आमच्या मुलांच्या हातावर खाऊ ठेवी, आमच्याशी पावसापाण्याचे बोले, आणि संध्याकाळच्या आत परत फिरे. गाडीचे नाव मात्र सहा वर्षांत कोणी काढले नाही.

गाडी फणसाखाली उभी राहिली. दर रविवारी आम्ही तिचे इंजिन दहा मिनिटे चालू करीत असू, आणि एवढ्याने आपण वडिलांची वस्तू जतन करीत आहो असा आमचा प्रामाणिक समज होता.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती 5 वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. आमच्या गाडीची मुदत 2025 च्या फेब्रुवारीत भरत होती. गाडी अद्याप बाबांच्या नावावर. ती आईच्या नावे करावयाची तर दोन्ही मुलांची नाहरकत हवी, म्हणजे दादाची सही हवी. त्याला काय लिहावे याचा मसुदा आम्ही जानेवारीपासून करीत होतो. एवढा मसुदा आम्ही कोणत्याही दाव्यात घोळवलेला नाही. शेवटी मुदत टळून गेली. एप्रिलातल्या एका संध्याकाळी आम्ही आईला मुदतीचा कायदा समजावून देऊ लागलो. आई फोंड्याकडची. लग्नानंतरच्या पन्नास वर्षांत ती घरात मराठीच बोलत आली. कोंकणी बाहेर येते ती फार आनंद झाला किंवा फार राग आला तरच. आमचे सारे ऐकून घेऊन ती म्हणाली, "पुता, गाडयेची मुदत सांगता, म्हजे मुदतीचें कितें?"

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. मावशी पंचाहत्तरीची. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावणे धाडले.

हे मिस्त्री साठीचे गृहस्थ, बोलण्यात अस्सल बेळगावी. त्यांनी इंजिन पाहिले नाही, आतला पलंग पाहिला नाही. ते एका चाकापाशी उकिडवे बसले, टायरच्या अंगावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, टायर नवंच दिसतंय की हो. पण मेलंय बघा."

आम्ही उलटतपासणी घेतली. नक्षी तर हाताचे बोट रुतेल इतकी खोल होती. त्यावर त्यांनी टायरच्या बगलेवरील चार आकडे दाखवले: 2216. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे 2016 सालच्या बाविसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. मग त्यांनी बॅटरीच्या उजेडात बगलेवरच्या बारीक भेगा दाखवल्या. उन्हाळ्यात तळ्याच्या तळाशी गाळ तडकतो, तशा त्या होत्या. मागून त्यांनी स्टेपनी उतरवली. ती गाडीबरोबर आलेली, एकदाही जमिनीला न टेकलेली, तिच्यावरचे रबरी केससुद्धा शाबूत. तिच्यावरचा आकडा होता 4809. "हे तर कधी रस्त्यावर उतरलंच नाही," मिस्त्री म्हणाले, "तरीबी गेलंय."

टायर झिजतो तो चालल्याने, एवढे आम्हांला ठाऊक होते. तो उभ्यानेही मरतो ही आमच्या लेखी नवी गोष्ट होती. मागाहून समजून घेतले ते असे. रबराचे खरे वैरी ऊन, प्राणवायू आणि हवेतला ओझोन. त्यांच्यापासून राखण व्हावी म्हणून कारखानदार रबरात मेण आणि काही रक्षक द्रव्ये मिसळतात. टायर फिरतो, दबतो, उमलतो, तेव्हा ती द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात. टायर एका जागी उभा राहिला की ही ये-जा मंदावते आणि वरचे कातडे उघडे पडते. शिवाय सारा भार एकाच ठिकाणी पडून तिथे सपाटी येते, आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागले तरी बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून पाच वर्षांनंतर टायर दरसाल तपासून घ्यावेत आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नयेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. मालमोटारीचे टायर नक्षी संपून जातात. बिऱ्हाडगाडीचे टायर नक्षी राखून जातात, कारण ती वर्षातून दहा महिने उभीच असते.

टायरच्या इतिहासातही उभ्याने मेलेल्या एका हक्काची कथा आहे. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर बनवला आणि त्याचे पेटंट घेतले. काही वर्षांतच ते रद्द ठरले. कारण रॉबर्ट टॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने तीच कल्पना 1845 सालीच नोंदवून ठेवली होती. टॉमसनच्या काळी ना सायकल रूढ झाली होती ना मोटार जन्मली होती. त्याचा शोध मागे पडला, मुदत संपली, आणि त्याच्या नावे उरली ती दुसऱ्याचा हक्क खोडून काढण्याची शक्ती. आमच्या पाच ओळींच्या पत्रानेही याहून निराळे काय केले होते? गाडी विकू दिली नाही, आणि चालवलीही नाही.

टायर घ्यावयास गेलो तिथे दुकानदाराने त्याच मापाचे, किमतीला बरेच हलके टायर पुढे केले. आमचा हात खिशाकडे गेलाही होता. पण मिस्त्रींनी बाबांची गाडीतली वही आणली होती, ती त्यांनी उघडली. तीत 2016 साली वजनकाट्यावर केलेल्या वजनाची पावती चिकटवलेली होती. पाण्याची टाकी भरून पुढच्या आसावर 1340 किलो, मागच्यावर 1860. त्यातही मागच्या डाव्या चाकावर 980 आणि उजव्यावर 880, कारण ओटा आणि टाकी दोन्ही डावीकडे. टायरच्या बगलेवर मापाच्या पुढे एक आकडा असतो, तो त्याच्या भारक्षमतेचा. हलक्या टायरवर 95 होता, म्हणजे एका टायरने फार तर 690 किलो पेलावे. आम्हांला हवा होता 109 चा, जो 1030 किलो पेलतो. इतर गाड्यांवर भार येतो आणि उतरतो. बिऱ्हाडगाडी आपले घर कधीच खाली ठेवत नाही. तेव्हा जास्त दाम मोजून पाच टायर घेतले. पाचवा स्टेपनीचा. कारण वहीत पावतीखाली बाबांच्या अक्षरात एक ओळ होती: नक्षी शाबूत असली तरी 2023 पर्यंत सगळे बदलणे, स्टेपनी या खेपेस राहिली, पुढे विसरू नये. बाबांनी मृत्युपत्र केले नव्हते. आम्हांला ती ओळ वाचताना वाटले की केले होते, फक्त आम्ही ते उघडले नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या पानावर होती. पावतीवरचे आकडे बाबांच्या हातचे नव्हते, दादाच्या हातचे होते. 2016 साली टायर बदलताना तो म्हापशाहून मुद्दाम आला होता. आम्ही त्या दिवशी कोर्टात होतो.

टायरांमागोमाग शॉकअपची पाळी आली. जुने चारही तेलाने ओले झालेले, टोकांचे रबरी बुश तडकलेले. मिस्त्रींनी एक काढून आमच्या हाती दिला आणि दाबावयास सांगितले. तो आमच्यासारख्या पुस्तकी माणसाच्या हातांनीही निमूटपणे आत गेला. नवा दाबून पाहिला तर घाम फुटला. "आता हा धक्का सोसू शकत नाही," असे आम्ही विद्वत्तेने म्हणालो, तेव्हा मिस्त्री हसले. "धक्का हे सोसतच नाही हो. धक्का पाटं सोसतात. हे नुसतं पाट्यांना गप करतंय."

गंमत अशी की हे शब्दशः खरे आहे. खड्ड्याचा आघात घेतात ते पोलादी पाटे. ते वाकतात आणि साठवलेले बळ परत उसळवतात. त्यांना आवरणारे कोणी नसेल तर एका खड्ड्यापायी गाडी पुढचा फर्लांगभर वरखाली डोलत राहते, चाकांची जमिनीवरची पकड सुटते. शॉकअपच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. गाडी उसळली की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि उसळीचे बळ उष्णता होऊन हवेत विरते. आघात होऊन गेल्यावर तो पुन्हापुन्हा होऊ न देणे एवढेच त्याचे काम. पाच ओळींचा एक खड्डा आमच्या घराने 2019 साली ओलांडला होता, आणि 2025 साली आम्ही अजून डोलत होतो.

तीन शॉकअप सहज बसले. मागच्या डाव्या बाजूचा मात्र खालच्या पिनेवर काही केल्या चढेना. मिस्त्रींनी पिन निरखली आणि निकाल दिला की ही मूळची नव्हे, कोणी तरी निराळी करून बसवली आहे. कोणी, ते वहीत नव्हते. ते सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता. घोळवलेल्या मसुद्यांपैकी एकही त्या वेळी उपयोगी पडला नाही. आम्ही अंगणातच उभे राहून दादाला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारले, "दादा, मागच्या डाव्या पिनेचे काय केले होते?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "ती उद्यमबागेत लेथवर करून घेतलेली. दोन मिलिमीटर जाड. मूळची तुटली होती. शॉकअप बदलतो आहेस काय? मूळ मापाची नवी पिन करून घे, बुश कापू नको." आणि मग, "थांब, रविवारी मी येतो."

रविवारी तो चोर्ल्याचा घाट चढून दहाच्या सुमारास आला. बरोबर मानकुराद आंब्यांची पेटी. उद्यमबागेतून आणलेली नवी पिन मिस्त्रींनी आदल्या दिवशीच बसवली होती. गाडी घोड्यांवर चढवलेली होती. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये हे आमच्या घरात बाबांनी मुलांना पाढ्यांबरोबर शिकवलेले. दादाने सदरा काढला, पोते अंथरले आणि खाली शिरला. नवा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा दाबावा आणि ओढावा लागतो, म्हणजे आतली हवा निघून तेल जागी बसते. ते काम आमच्याकडे आले. मग तो खालून हात पुढे करी आणि आम्ही पाना देत असू. सोळाचा मागितला तर आम्ही अठराचा देत असू, तो काही न बोलता परत करी. बुशांचे नट मात्र मिस्त्रींनी शेवटपर्यंत आवळू दिले नाहीत. गाडी खाली चाकांवर उतरवून तिचा भार तिच्यावर आल्यावर आवळायचे. लोंबकळत्या गाडीत आवळले तर रबर जन्मभर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

हात धुताना दादाने विचारले, "तो कागद कुठे आहे सहीचा?" आम्ही नाहरकतीचा कागद आणला. त्याने तो बॉनेटवर ठेवून, न वाचता सही केली. पंचवीस वर्षांच्या वकिलीत न वाचता केलेली सही आम्ही कधी खपवून घेतली नाही. त्या दिवशी घेतली.

"तुझे ते पत्र अजून माझ्यापाशी आहे," तो म्हणाला.

"फाडले नाहीस?"

"वकिलाचा कागद फाडू नये, बाबाच सांगायचे."

यावर आम्हांला हसावेसे वाटले, पण तो हसत नव्हता. आईने हे ओसरीवरून ऐकले असावे. ती आंबे निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुज्या कागदापरस म्हजो पूत व्हड." यातला पूत कोणता, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही दोघांनी विचारले नाही.

तपासणी झाली, गाडी आईच्या नावे झाली, आणखी 5 वर्षांची मुदत मिळाली. मेच्या सुट्टीत आम्ही निघालो. दादाही निघाला. मिस्त्रींनी बजावले होते की नवी चाके बसवल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरांवर थांबून नट पुन्हा आवळावेत, ते पहिल्या प्रवासात थोडे सैल पडतात. म्हणून निपाणीला गाडी रस्त्याकडेला घेतली. दादाने पाना लावला, आम्ही मोजत गेलो. बहुतेक नट घट्ट होते. दोन पाव आटा फिरले. मग कोल्हापूर, सातारा, पुढे नाशिक, धुळे. सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट गाडी न डोलता चढली, आणि खलघाटला नर्मदेच्या पुलावर आईने पडदा सारून हात जोडले. इंदुरास मावशीने मानकुरादाची पहिली फोड हाती घेतली आणि न खाता नुसता वास घेत बसली. त्या दोघी बहिणी तीन दिवस कोंकणीत बोलत होत्या. आई पन्नास वर्षांत आमच्या घरात बोलली नसेल इतकी कोंकणी त्या तीन दिवसांत बोलली.

परतताना रस्ता दाखवण्याखेरीज आम्ही आणि दादा फारसे काही बोललो नाही. ते पत्र त्याच्यापाशी आहे, आणि राहील. रस्त्यावरचे खड्डे काही शॉकअप बदलल्याने बुजत नाहीत.

परंतु एक गोष्ट आम्ही मुदतीच्या कायद्यापासून शिकलो आहो. 1963 च्या त्या कायद्याने एरवी हक्क बुडत नाही, दाद मागण्याची वाट तेवढी बंद होते. आणि मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने कर्जाची कबुली दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. अट एवढीच की कबुली लेखी हवी आणि तीवर सही हवी. अंगणात पाना देताना मनात म्हटलेले कायदा मानत नाही. कोर्टाच्या हिशेबाने आमची मुदत केव्हाच टळून गेली. पण थोरल्या भावाच्या दरबारी ती मोजण्याची रीत कदाचित निराळी असेल. हे मासिक म्हापशास दादाच्या घरी येते. तेव्हा लेखी देतो की, 2019 साली गाडी विकण्याबद्दल त्याने जे सुचवले ते आईच्या काळजीपोटी होते, आणि आमचे पत्र कायद्याने बरोबर असून चूक होते. खाली आमची सही आहेच. या खेपेस छापील कागद नाही आणि सनदेचा क्रमांकही नाही.